मूल कोणाकडे राहावे हे ठरवताना वापरल्या जाणाऱ्या चाचण्या त्या कामासाठी तपासलेल्या असतात का?

उंबरठा

नमस्कार. मी बालसमुपदेशक आहे आणि गेली अकरा वर्षे माझा बराचसा वेळ, पालक विभक्त होत असलेल्या मुलांसोबत जातो. कौटुंबिक न्यायालयातून जी प्रकरणे येतात त्यांच्या आदेशात बहुधा एकच वाक्य असते, की मुलाचे मानसशास्त्रीय मूल्यमापन करून अहवाल सादर करावा. मूल्यमापन नेमके कशाचे करायचे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, याविषयी त्या वाक्यात काहीही नसते. मग आम्ही हाताशी असलेल्या चाचण्या वापरतो, गुण काढतो, मुलाशी आणि दोन्ही पालकांशी बोलतो आणि अहवाल लिहितो.

काही दिवसांपूर्वी उलटतपासणीत एका वकिलांनी मला तीन प्रश्न विचारले. ही प्रश्नावली कोणी तयार केली, कोणत्या मुलांवर तपासली आणि कशासाठी तपासली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे होती. तिसऱ्याचे उत्तर पुस्तिकेत स्पष्ट छापलेले होते: शाळकरी मुलांच्या भावनिक अडचणी लवकर ओळखण्यासाठी. मी ती वापरली होती मूल कोणाकडे राहावे हे सुचवण्यासाठी. वकील एवढ्यावरच थांबले, आणि त्यांनी थांबणे मला अधिक लागले.

माझा प्रश्न असा आहे. ताब्याच्या किंवा संगोपनाच्या निर्णयासाठी एखादे साधन योग्य आहे, हे कशावरून ठरवायचे? आणि तसे साधन नसेल, तर आमच्यासारख्यांनी अहवालात काय लिहावे?

(प्रकरणातील तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.)

मौनीबाबा

महत्त्वाचा धागा आहे. सध्या केवळ रुमाल टाकून ठेवतो आणि जाणकारांची वाट पाहतो.

ताम्रपट

मी वकील आहे, मात्र तुमची उलटतपासणी घेणारा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

या विषयातला निम्मा गोंधळ शब्दाचा आहे. मानसशास्त्राची मंडळी 'ही चाचणी वैध आहे' असे म्हणतात, तेव्हा न्यायालयात बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर 'कायद्याने मान्य आहे' असाच अर्थ पडतो. शिक्षणशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत यासाठी 'सप्रमाणता' हा शब्द असे आणि मला तो कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो ऐकल्याबरोबर 'प्रमाण कुठे आहे?' हा पुढचा प्रश्न आपोआप मनात येतो. वैध म्हटले की प्रश्न संपतो आणि सप्रमाण म्हटले की सुरू होतो.

दुसरे असे, की न्यायाधीशांना अहवाल हवा असतो याचे कारण बहुतेक वेळा समोरच्या दोन कथा परस्परविरोधी असतात आणि तिसरा, तटस्थ आवाज कोणाचा तरी हवा असतो. आकडा तटस्थ वाटतो. तो खरोखर तटस्थ आहे का, हे विचारण्याची सवय आमच्या व्यवसायातही फारशी नाही, हे मी मान्य करतो.

शून्यशेष

ताम्रपट यांच्या 'सप्रमाणता' या शब्दाला पूर्ण पाठिंबा, आणि त्याला एक पुस्ती जोडतो. सप्रमाणता हा चाचणीच्या अंगचा गुण नसतो. अमेरिकेतील तीन व्यावसायिक संस्थांनी मिळून काढलेली चाचण्यांची मानके आहेत, त्यांची शेवटची सुधारित आवृत्ती २०१४ ची. त्यांची भूमिका अशी, की गुणांचा जो अर्थ आपण काढतो आणि तो ज्या कामासाठी वापरतो, त्या अर्थाला आणि त्या वापराला पुरावा लागतो. म्हणजे 'ही चाचणी सप्रमाण आहे' हे वाक्यच अपुरे आहे. 'या वयाच्या मुलांमध्ये, या भाषेत, या परिस्थितीत, या निर्णयासाठी' इतके शेपूट जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. उंबरठा यांनी वापरलेली प्रश्नावली शाळेतील चाळणीसाठी उत्तम असू शकेल. ताब्यासाठी ती चूक आहे असे सिद्ध झालेले नाही. तिथे ती तपासलेलीच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

संध्याकाळी सवडीने काही गणिते मांडतो.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे. अशा प्रकरणांत कधीकधी मुलांच्या वागणुकीची प्रश्नावली भरण्यासाठी आमच्याकडेही येते. एका मुलीच्या बाबतीत आईने भरलेली, वडिलांनी भरलेली आणि मी भरलेली अशा तीनही प्रश्नावल्या नंतर माझ्या पाहण्यात आल्या आणि त्या तीन वेगवेगळ्या मुलींच्या असाव्यात असे वाटले. यातील खोटे कोण बोलत होते, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

निळीशाई

@पाटीपेन्सिल, कदाचित कोणीच नाही. आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. मुलाविषयी सारख्याच भूमिकेतील दोन व्यक्तींनी, उदाहरणार्थ आई आणि वडिलांनी, दिलेल्या उत्तरांमधला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही) सरासरी ०.६० होता, पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतील व्यक्तींमध्ये तो ०.२८ वर आला. आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे व इतरांचे म्हणणे यांत केवळ ०.२२ राहिला. यांतले बहुतेक पालक भांडणारे नव्हते, न्यायालयात उभेही नव्हते. मूल घरी एक असते, वर्गात दुसरे असते, आणि पाहणाऱ्याची नजरही वेगळी असते.

म्हणून दोन पालकांच्या उत्तरांत तफावत दिसली, की 'एकजण दिशाभूल करतो आहे' असा निष्कर्ष काढणारा अहवाल पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. थोडीफार तफावत ही सर्वसामान्य स्थिती आहे. तफावत अजिबात नसेल तरच मी चौकशी करीन!

मी चाचण्यांच्या रूपांतराचे काम करते. त्याविषयी पुढे लिहीन.

रानवारा

मी या सर्वांतून पालक म्हणून गेलो आहे, त्यामुळे माझे म्हणणे तटस्थ नाही, हे गृहीत धरून वाचावे.

मला पाचशेहून अधिक विधानांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरायला दिली होती. प्रत्येक विधानापाशी मी विचार करीत होतो, की याचा अर्थ काय लावला जाईल. 'मला कधीकधी राग अनावर होतो' अशा आशयाचे विधान आले, की मूल मिळवू पाहणारा कोणता माणूस त्यापुढे 'होय' लिहील? मी 'नाही' लिहिले. अहवालात माझ्याविषयी 'स्वतःला अतिशय चांगले दाखवण्याकडे कल' असे वाक्य आले आणि पुढे दोन पाने त्यावरच खर्च झाली. आता मला कोणी सांगावे, की त्या खोलीत बसून स्वतःला चांगले न दाखवणारा माणूस अधिक योग्य पालक ठरला असता का?

शून्यशेष

@रानवारा, तुमच्या प्रश्नाला संशोधनाचा आधार आहे. ताब्यासाठी झगडणाऱ्या पालकांचा एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीवर अनेकदा अभ्यास झालेला आहे आणि स्वतःची बाजू सावरून उत्तरे देण्याचे मोजमाप करणाऱ्या तिच्या उपमापनांवर हा गट सर्वसाधारण लोकांपेक्षा वरचढ दिसतो. म्हणजे त्या परिस्थितीत असे उत्तर देणे हीच रीत आहे. तुमच्या गुणांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी न करता, ताब्याच्या प्रकरणातील इतर पालकांशी व्हायला हवी होती. तशी प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी त्या गटाचे नेहमीचे गुण, ज्या साधनाजवळ नाहीत, त्याने असे वाक्य लिहूच नये.

आता कबूल केलेली गणिते. समजा, पालकत्वाच्या क्षमतेची एक चाचणी आहे, सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५. विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच गुण येण्याची खात्री, १ पैकी ०.७०, जी अशा मापनांसाठी 'बरी' म्हणून खपते. आईचे गुण १०४, वडिलांचे ९२. अहवालात लिहिले जाते, की आईची क्षमता अधिक आहे.

एका व्यक्तीचे गुण योगायोगाने साधारण किती हलू शकतात ती मापनाची प्रमाणित त्रुटी; ती म्हणजे १५ गुणिले (१ − ०.७०) चे वर्गमूळ, सुमारे ८.२. दोन व्यक्तींच्या गुणांची वजाबाकी करताना दोघांच्या त्रुटी एकत्र येतात आणि ती ११.६ पर्यंत जाते. नेहमीच्या ९५ टक्के खात्रीने 'फरक आहे' असे म्हणायचे, तर अंतर किमान २३ गुणांचे हवे. इथे ते १२ आहे. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी घेतली तर क्रम उलटाही होऊ शकला असता. कोणत्याही अहवालात हे अंतर त्रुटीसह छापलेले मला आजवर दिसले नाही.

ताम्रपट

हा २३ चा आकडा मी लिहून घेतला आहे. माझ्या पुढील साक्षीदारांनी मला क्षमा करावी.

उंबरठा

@ताम्रपट, मी हसले खरी, पण हा आकडा मला अकरा वर्षांत कोणत्याही प्रशिक्षणात कोणी करून दाखवला नव्हता.

जात्यावरची_ओवी

मी सर्वांशी थोडी असहमत आहे. मी संगोपन कुटुंबांच्या निवडीचे काम करते, म्हणजे ज्या मुलांना स्वतःच्या घरी ठेवणे शक्य नसते, त्यांच्यासाठी दुसरे कुटुंब शोधणे. आमच्याकडे चाचण्यांपेक्षा अनुभवी कार्यकर्त्यांची नजर अधिक कामी येते. वीस वर्षे घराघरांत गेलेल्या बाईला उंबरठा ओलांडताच जे कळते, ते प्रश्नावलीला कळत नाही. त्रुटी, विचलन वगैरे ठीक आहे, परंतु मूल म्हणजे आकडा नव्हे.

शून्यशेष

मूल आकडा नाही, हे मान्य. परंतु अनुभवी नजरेलाही त्रुटी असते, फक्त ती कोणी मोजलेली नसते. पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या आकडेवारीवरचे अंदाज यांची तुलना मांडली आणि तेव्हापासून निरनिराळ्या क्षेत्रांत तेच पुन्हापुन्हा दिसत आले आहे: साधे सूत्र बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा थोडे सरस ठरते. यावरून ताब्याच्या प्रकरणात सूत्र वापरावे असे मी म्हणत नाही, कारण तिथे सूत्र बनवायला लागणारी माहितीच नाही. मी एवढेच म्हणतो, की चाचणीला जो प्रश्न आपण विचारतो तोच नजरेलाही विचारावा. वीस वर्षांच्या अनुभवी कार्यकर्तीने ज्या घरांना नकार दिला, तिथे मुले पाठवली असती तर काय झाले असते, हे तिला कधी कळले आहे का?

जात्यावरची_ओवी

नाही. आणि हा प्रश्न मला झोपू देणार नाही, असे दिसते.

निळीशाई

आकड्यांच्या बाजूने बोलल्यावर आता त्यांच्या विरुद्ध. दोन मूल्यमापकांत '८० टक्के एकमत' असे वाचले की आपण खूश होतो. समजा, दोघेही दहापैकी आठ मुलांना 'सुरक्षित' असाच शेरा देतात. मग डोळे मिटून शेरे दिले, तरी योगायोगानेच ६८ टक्के वेळा एकमत होईल. योगायोग वजा केल्यावर उरते ते कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या काप्पा गुणांकाने (१ म्हणजे पूर्ण एकमत) मोजतात आणि इथे ते ०.३८ च्या आसपास येते. त्याला एकमत म्हणणे धाडसाचे आहे.

शिवाय मूल्यमापक कोणाच्या बाजूने बोलावला आहे, यानेही गुण हलतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्यायवैद्यक क्षेत्रातील शंभराहून अधिक तज्ज्ञांना तीच प्रकरणे तपासायला दिली. काहींना सांगितले की तुम्ही सरकार पक्षाकडून आहात आणि काहींना सांगितले की बचाव पक्षाकडून. सरकार पक्षाचे समजणाऱ्यांनी धोक्याच्या मापनांवर सरासरीने अधिक गुण दिले. ती प्रकरणे गुन्हेगारीची होती, मुलांच्या ताब्याची नव्हती. पण पालकांनी आपापला तज्ज्ञ आणण्याची रीत जिथे आहे, तिथे हे विसरून चालणार नाही.

पिंपळपान

मी या धाग्यावर वेगळ्या नात्याने लिहितो आहे. मी नऊ वर्षांचा असताना माझे मूल्यमापन झाले होते.

मला 'तुझ्या कुटुंबाचे चित्र काढ' असे सांगितले होते. मला तेव्हा सायकलचे वेड होते. मी कागदाच्या डाव्या बाजूला सायकल काढली, तिच्या आऱ्या एकेक करून काढल्या आणि तिच्याजवळ स्वतःला उभे केले. तोपर्यंत जागा संपत आली होती, म्हणून आई आणि बाबा उजव्या कोपऱ्यात लहानसे काढले. मोठेपणी तो अहवाल माझ्या हाती आला. त्यात लिहिले होते, की मुलाने स्वतःला पालकांपासून दूर व मोठे दाखवले असून त्याला कुटुंबापासून अलिप्त वाटते. सायकलीचा उल्लेख एका शब्दाने नाही. मला कोणी विचारलेही नाही.

निर्णय चुकला असे मला म्हणायचे नाही. मी जिथे वाढलो तिथे चांगला वाढलो. परंतु माझ्याविषयी जे लिहिले गेले ते माझ्याविषयी नव्हते.

उंबरठा

@पिंपळपान, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मुलाच्या चित्राविषयी मुलाशी बोलणे, हा संवाद सुरू करण्याचा उत्तम मार्ग आहे आणि मी तो वापरते. पण चित्रातील आकार, अंतर आणि गाळलेले अवयव यांवरून निदान करण्याला पुरेसा आधार मिळालेला नाही, हे संशोधनात अनेकदा आलेले आहे. तरीही ते सर्रास होते, कारण कागद आणि पेन्सिल स्वस्त असतात आणि चित्र न्यायालयात दाखवता येते.

दुसरी_बाजू

चित्रे राहू द्या. भावबंधाच्या, म्हणजे अटॅचमेंटच्या, मूल्यमापनाचे काय? त्यामागे तर भक्कम शास्त्र आहे. मेरी एन्सवर्थ यांची पद्धत पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. मूल कोणाशी घट्ट बांधलेले आहे हे त्यातून समजत असेल, तर ताब्याचा प्रश्न निम्मा सुटला असे मला वाटते.

निळीशाई

शास्त्र भक्कम आहे, म्हणूनच जपून वापरायला हवे. एन्सवर्थ यांची पद्धत साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या बाळांसाठी आहे: अनोळखी खोलीत, सुमारे वीस मिनिटांत, पालकाचे दोनदा बाहेर जाणे आणि परत येणे, आणि त्या परतीच्या वेळी बाळ काय करते याचे बारकाईने वर्गीकरण. वर्गीकरण करणाऱ्याला दीर्घ प्रशिक्षण घेऊन आपली अचूकता सिद्ध करावी लागते. ही पद्धत गटांच्या अभ्यासासाठी घडली. गटाच्या पातळीवर जे खरे असते ते समोरच्या एका बाळाविषयी भाकीत करायला पुरत नाही.

हे माझे मत नाही. २०२१ मध्ये भावबंधाच्या क्षेत्रातील ७० संशोधकांनी एकत्र येऊन कौटुंबिक न्यायालयांतील वापराविषयी निवेदन प्रसिद्ध केले. 'घट्ट बांधलेले' आणि 'सुरक्षित बांधलेले' या वेगळ्या गोष्टी आहेत; मूल एकापेक्षा अधिक व्यक्तींशी सुरक्षित भावबंध जोडू शकते; आणि एकाशी असलेला बंध दुसऱ्याच्या बंधाला उणे करीत नाही, असे त्यात मांडले आहे. तेव्हा @दुसरी_बाजू, 'कोणाशी' हा प्रश्नच मुळात त्या पद्धतीचा नाही. तिला विचारता येते ते 'याच्याशी कसा' एवढेच.

दुसरी_बाजू

समजले. मी 'कोणाशी' असे लिहिताना तराजू डोळ्यांसमोर ठेवला होता, हे आता लक्षात येते. न्यायालयेही तोच ठेवत असावीत.

मौनीबाबा

न्यायदेवतेच्या हाती तराजूच असतो, त्याला कोण काय करणार?

शून्यशेष

तराजू असला तरी वजने तपासलेली हवीत! आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण 'कशावरून ठरवायचे' याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

सर्वांत मोठी अडचण निकषाची आहे. तापमापक तपासायचा तर तापमान ठाऊक असलेले पाणी लागते. ताब्याच्या साधनासाठी ते पाणी कोणते? 'मूल अमुक पालकाकडे राहिले असते तर बरे झाले असते' हे कधीच कळत नाही, कारण मूल एकाच घरात वाढते आणि दुसरा रस्ता रिकामा राहतो. चिठ्ठ्या टाकून मुले वाटण्याचा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये.

मग निकष म्हणून काय घेतले जाते? काही साधनांच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते, की त्यांचे निष्कर्ष न्यायाधीशांच्या निर्णयाशी जुळतात. आता असा विचार करा: न्यायाधीशांनी तोच अहवाल वाचून निर्णय दिलेला असेल, तर जुळणारच. जे सिद्ध करायचे तेच आधी कानात सांगितले होते. न्यायाधीशांनी अहवाल वाचला नसेल, तरी एवढेच सिद्ध होते, की साधन न्यायाधीशांसारखा विचार करते. तसे असेल तर न्यायाधीश आहेतच की.

दुसरा मार्ग म्हणजे नवी चाचणी जुन्या चाचणीशी जुळते असे दाखवणे. जुनी कशी तपासली, असे विचारावे तर ती आणखी जुनीशी जुळते. तुम्हाला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का, असे विचारणाऱ्यापुढे आपण लहानपणी जसे हतबल व्हायचो, तसे होते.

२००५ मध्ये एमरी, ओटो आणि ओडोनोह्यू यांनी ताब्यासाठी म्हणून बनवलेल्या साधनांचा कठोर आढावा घेतला होता. 'उत्तम पालक' किंवा 'मुलाचे हित' असे काही थेट मोजण्याचा दावा करणाऱ्या साधनांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर हे चित्र पालटल्याचे मला आढळलेले नाही. त्यांचे एक म्हणणे मला पटते: 'मुलाचे हित' ही मानसशास्त्रीय राशी नाही. ती कायद्याची आणि मूल्यांची कल्पना आहे. शिस्त महत्त्वाची की मोकळीक, स्थैर्य महत्त्वाचे की दोघांचाही सहवास, याचे उत्तर मोजपट्टीवर नसते.

ताम्रपट

हे वाचून मला आमच्या बाजूची एक जबाबदारी दिसते. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात तिसऱ्या कलमात मुलाचे सर्वोत्तम हित आहे आणि बाराव्यात मुलाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क आहे. आम्ही तिसऱ्या कलमाचे ओझे तज्ज्ञाच्या खांद्यावर टाकतो आणि बाराव्याचे प्रश्नावलीच्या. दोन्ही आमचीच कामे होती.

रानवारा

यात धोक्याच्या प्रकरणांचे काय? मारहाण, दुर्लक्ष, व्यसन. तिथे तरी धोका मोजणारी साधने उपयोगी पडत असतील ना? तिथे निकष आहे, कारण मारहाण झाली किंवा झाली नाही.

शून्यशेष

प्रश्न नेमका आहे. तिथे निकष तुलनेने स्पष्ट आहे, म्हणून साधने तपासता येतात आणि काही तपासलीही गेली आहेत. पण तिथे दुसरा सापळा असतो. काल्पनिक आकडे घेतो. एक साधन खऱ्या धोक्यांपैकी ८० टक्के ओळखते आणि धोका नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. १,००० कुटुंबांपैकी ५० मध्ये खरोखर धोका आहे. साधन त्यांतली ४० पकडील. आणि उरलेल्या ९५० पैकी १९० निर्दोष कुटुंबांवरही बोट ठेवील. म्हणजे बोट ठेवलेल्या २३० पैकी धोका असलेली ४०, सुमारे १७ टक्के. तेच साधन अशा ठिकाणी वापरले जिथे १,००० पैकी ३०० कुटुंबांत धोका आहे, तर हेच प्रमाण ६३ टक्क्यांवर जाते.

साधन तेच, अचूकता तीच, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. म्हणून 'साधन ८० टक्के अचूक आहे' हे वाक्य न्यायालयात एकटे येऊ देऊ नये. आणि बोट न ठेवलेल्यांत राहून गेलेली १० मुले विसरू नयेत. चूक दोन्ही बाजूंना होते. कोणती अधिक परवडते हे संख्याशास्त्र सांगत नाही.

जात्यावरची_ओवी

त्या दहा मुलांसाठीच मी अनुभवी नजरेचा हट्ट धरला होता. पण त्या १९० घरांचाही विचार मी आजवर केला नव्हता, हे प्रामाणिकपणे लिहिते.

निळीशाई

रूपांतराविषयी लिहीन असे म्हटले होते, ते थोडक्यात. चाचणीचे भाषांतर करून ते उलट मूळ भाषेत आणून पाहिले, शब्द जुळले, की काम झाले असे समजतात. ते पुरेसे नाही. 'मूल मोठ्यांना उलट उत्तर देते' हे विधान एका समाजात अडचणीचे लक्षण असेल, तर दुसऱ्यात धीटपणाचे. शब्द जुळले, पण वजन बदलले. त्या भाषेतील मुलांवर नव्याने प्रमाणके काढली नसतील आणि प्रत्येक विधान तिथेही तेच मोजते का हे तपासले नसेल, तर मूळ पुस्तिकेतील मर्यादारेषा उसन्या घेऊ नयेत. मुलांच्या भावना आणि वागणूक यांविषयीची गुडमन यांची १९९७ ची पंचवीस विधानांची प्रश्नावली कितीतरी भाषांत उपलब्ध आहे आणि चाळणी म्हणून मला ती आवडते. पण उपलब्ध असणे आणि त्या भाषेत तपासलेली असणे यांत बरेच अंतर असते.

उंबरठा

तुम्हा सर्वांचे आभार. दोन दिवस हा धागा पुन्हापुन्हा वाचून, माझ्या पुढील अहवालात घालण्यासाठी मी एक परिच्छेद तयार केला आहे. त्यावर टीका हवी आहे.

'या मूल्यमापनात वापरलेली साधने मुलाच्या सध्याच्या भावनिक व शैक्षणिक गरजा समजून घेण्यासाठी आहेत. मूल कोणत्या पालकाकडे राहावे हे सांगण्यासाठी त्यांपैकी कोणतेही साधन तपासलेले नाही व त्या हेतूने ते येथे वापरलेले नाही. प्रत्येक गुणासोबत मापनाची त्रुटी दिलेली आहे. त्या मर्यादेतील फरकाला अर्थ देऊ नये. पालकांनी दिलेली उत्तरे वादाच्या काळात दिलेली आहेत. मूल्यमापकाची निरीक्षणे, मुलाचे स्वतःचे शब्द आणि मूल्यमापकाचे अनुमान स्वतंत्र शीर्षकांखाली दिले आहेत.'

पिंपळपान

'मुलाचे स्वतःचे शब्द' हे वेगळे ठेवल्याबद्दल धन्यवाद. त्यात मुलाच्या चित्राविषयी मुलाने सांगितलेलेही येईल, असे धरतो.

उंबरठा

येईल. सायकलसह.

ताम्रपट

परिच्छेद उत्तम आहे. तरी मी समोर उभा असेन, तर पहिलाच प्रश्न विचारीन: साधने जर ताब्याविषयी काहीच सांगत नाहीत, तर मूल्यमापक बाईंनी ती घेतलीच कशाला? याचे उत्तर तयार ठेवा.

उंबरठा

उत्तर आहे. सुरुवातीला लिहिले ते प्रकरण. त्या मुलाची आई म्हणत होती, की वडिलांकडे गेला की अभ्यास बुडतो; वडील म्हणत होते, की आईच्या धाकाने तो पुस्तकापासून पळतो. मी घेतलेल्या इतर चाचण्यांत वाचनाची एक साधी चाचणी होती, वयानुसार प्रमाणके असलेली, त्याच कामासाठी तपासलेली. त्याचे गुण त्रुटीची मर्यादा धरूनही बरेच खाली होते. मुलाला वाचताच येत नव्हते, कोणाच्याही घरी. दोन्ही पालकांनी ते त्या दिवशी न्यायालयात पहिल्यांदा ऐकले.

ताम्रपट

मग माझा दुसरा प्रश्न नाही.